बेचिराग खानदेशाची पुनर्वस्ती : युद्धग्रस्त रयतेची मदत (१८०२–१८२५)

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत खानदेशाने, म्हणजे आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांच्या मुलखाने, दोन मोठी युद्धे, एक भीषण दुष्काळ आणि त्यांच्या पोटी आलेली दीर्घ बंडाळी सोसली. या काळाचा इतिहास बहुधा लढाया, तह आणि सत्तांतरे यांच्या क्रमाने सांगितला जातो. परंतु ज्यांनी हत्यार धरले नव्हते, ज्यांची पिके घोड्यांनी खाल्ली आणि ज्यांची गावे ओस पडली, त्या रयतेला अन्न, आसरा आणि परतीचा मार्ग कोणी, केव्हा आणि कोणत्या हेतूने दिला, हा प्रश्न त्या क्रमात मागे पडतो. या प्रश्नाच्या अंगाने पाहिले असता असे दिसते की, त्या काळी युद्धग्रस्तांची मदत जवळजवळ सर्वस्वी सारावसुलीच्या यंत्रणेतून वाहत होती. त्यामुळे ती जमीन कसणाऱ्याला मिळाली, तीही बहुधा लागवडीच्या हंगामाच्या हिशेबाने. उपाशी माणसाला ती वेळेवर मिळाली नाही आणि ज्याचे नाव साऱ्याच्या वहीत नव्हते, त्याच्यापर्यंत ती वीसहून अधिक वर्षे पोहोचली नाही.

खानदेश युद्धाच्या वाटेवर का येत असे, हे त्याच्या भूगोलावरून कळते. उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग यांच्यामध्ये तापीचे रुंद खोरे पसरले असून, उत्तर हिंदुस्थानातून दक्षिणेत उतरणारी फौज अशीरगड आणि बऱ्हाणपूर यांच्या बाजूने याच खोऱ्यात शिरत असे व पुढे घाट चढून पुणे, नगर किंवा औरंगाबादकडे वळत असे. पश्चिमेला सुरतेची व्यापारी वाट होती. काळ्या जमिनीमुळे आणि पांझरा, गिरणा यांसारख्या नद्यांवरील बंधाऱ्यांमुळे चारा व धान्य मुबलक मिळे, आणि हीच मुबलकता फौजांना येथे मुक्कामाला ओढून आणी. शिवाय मुलूख एका धन्याचा नव्हता. पेशवे, होळकर, शिंदे आणि विंचूरकरांसारखे जहागीरदार यांचे परगणे एकमेकांत मिसळलेले असल्यामुळे एका सरदाराचे दुसऱ्याशी बिनसले की, त्याचा राग शेजारच्या परगण्यातील रयतेवर निघे.

अशा मुलखात रयतेच्या संरक्षणाच्या काही रूढ व्यवस्था पूर्वीपासून होत्या. फौज जवळ आली म्हणजे पाटील आणि देशमुख तिच्या सरदाराशी बोलणी करून खंडणी ठरवीत. ती भरली म्हणजे गाव लुटले जाणार नाही असे अभयपत्र मिळे, आणि ते पत्र दाखवून गाव पुढच्या तुकडीपासूनही वाचण्याची आशा धरी. बोलणी फसली तर माणसे, गुरे आणि मौल्यवान वस्तू जवळच्या गढीत किंवा तटबंदीच्या कसब्यात हलवीत आणि धान्य पेवात, म्हणजे जमिनीत खणून वरून लिंपलेल्या खोल खड्ड्यात, दडवून ठेवीत. फौज निघून गेल्यावर मदतीचा दुसरा भाग सुरू होई. सैन्याच्या वाटचालीत पिके तुडवली गेली तर तिला ‘पायमल्ली’ म्हणत. पाटील-कुळकर्णी तिची पाहणी करून परगण्याच्या कमाविसदाराकडे, म्हणजे वसुली अधिकाऱ्याकडे, अर्ज करीत आणि नुकसानीच्या मानाने साऱ्यात सूट मिळे. बी-बियाणे, बैल किंवा मोट यांसाठी सरकारातून उचल मिळे ती तगाई. गाव परागंदा झाले असेल, म्हणजे लोक घरदार सोडून परमुलखात गेले असतील, तर त्यांना परत बोलावण्यासाठी कौल दिला जाई. त्यात पहिली काही वर्षे अगदी हलका सारा आणि पुढे दरवर्षी थोडी वाढ करीत पूर्ण आकारापर्यंत जाण्याची हमी असे. या चढत्या साऱ्याच्या कराराला इस्तावा म्हणत.

ही व्यवस्था दयाबुद्धीपेक्षा हिशेबावर उभी होती. ओस गावातून सरकारला काहीच मिळत नाही आणि शेजारचा जहागीरदार जास्त सवलतीचा कौल देऊन कुळे ओढून नेतो, हे प्रत्येक कमाविसदाराला ठाऊक असल्यामुळे सूट आणि तगाई देणे हे त्याच्याच हिताचे ठरे. मात्र हा हिशेब जुळण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक होत्या : एक म्हणजे फौज येऊन निघून जावी, तिने वर्षानुवर्षे तळ ठोकू नये, आणि दुसरी म्हणजे वसुली करणाऱ्याला त्या परगण्यात पुढेही राहायचे असावे. १८०० नंतर या दोन्ही गोष्टी संपुष्टात आल्या. दुसऱ्या बाजीरावाच्या कारभारात परगणे इजाऱ्याने, म्हणजे सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला ठरावीक मुदतीच्या मक्त्याने, दिले जाऊ लागले, आणि मुदतीच्या आत पैसे वसूल करून निघून जाणाऱ्या इजारदाराला आज सूट देऊन पाच वर्षांनी पीक पाहण्यात काहीच लाभ नव्हता.

एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरास पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले आणि विठोजीचे भाऊ यशवंतराव होळकर व पेशवे-शिंदे यांच्यातील वैर विकोपाला गेले. १८०२ साली होळकरांची फौज खानदेशातून पुण्याकडे सरकली आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरजवळ तिने पेशवे व शिंदे यांच्या एकत्रित सैन्याचा पराभव केला. पण या लढाईपूर्वी आणि नंतर खानदेशात जे घडले, ते लढाईपेक्षा कितीतरी अधिक लोकांच्या जिवावर बेतले. शिंद्यांच्या आणि पेशव्यांच्या परगण्यांतील गावे जाळली गेली, उभी पिके कापून नेली गेली आणि फौजांच्या पाठीवर चालणाऱ्या पेंढाऱ्यांनी, म्हणजे पगाराऐवजी लुटीवर जगणाऱ्या स्वारांच्या टोळ्यांनी, पेवेदेखील धुंडाळून रिकामी केली. तापीच्या उत्तरेकडील सुलतानपूर हे परगण्याचे भरभराटीचे ठाणे याच धामधुमीत उद्ध्वस्त झाले. जळगावजवळच्या नशिराबादची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. हे गाव १८०१ मध्ये जुबा नावाच्या गारद्याने, म्हणजे भाडोत्री शिपायाने, लुटले आणि १८०३ च्या दुष्काळाच्या थोडे आधी ते पुन्हा लुटले गेले. या दुसऱ्या वेळी लुटणारा पेशव्यांचाच एक अधिकारी होता. ज्याच्याकडे अभय मागायचे तोच लुटू लागल्यावर खंडणी आणि अभयपत्र यांना अर्थ उरला नाही.

१८०३ च्या पावसाने दगा दिला आणि लुटीचे रूपांतर दुष्काळात झाले. एरवी एका वर्षाचा अवर्षणाचा तडाखा पेवांतील जुन्या साठ्यावर निभावून नेता येत असे, परंतु साठा आधीच गेला होता. त्याच वर्षी इंग्रज आणि शिंदे-भोसले यांचे युद्ध पेटले. २३ सप्टेंबरला असई येथे लढाई झाली आणि ऑक्टोबरमध्ये कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने बऱ्हाणपूर व अशीरगड घेतले. धान्याची ने-आण त्या काळी वंजाऱ्यांच्या, म्हणजे लमाणांच्या, बैलांच्या तांड्यांवर चाले, आणि हे तांडे चांगला भाव व संरक्षण देणाऱ्या फौजांच्या मागे गुंतले होते. उरलेल्या बैलांना वाटेत चारा नव्हता. त्यामुळे जेथे धान्य होते तेथून ते उपाशी गावापर्यंत आणण्याचे साधनच शिल्लक राहिले नाही. युद्धग्रस्तांच्या मदतीत अन्नाइतकेच वाहतुकीलाही महत्त्व असते, ही गोष्ट खानदेशात तेव्हा फार कठोरपणे सिद्ध झाली. जे चालू शकत होते ते गुजरातकडे व इतर मुलखांत निघून गेले, आणि ज्यांना चालवत नव्हते त्यांतील बहुतेक मेले.

याच दुष्काळात खानदेशाच्या बाहेर, नगरला, संघटित अन्नमदतीचा एक प्रयत्न झाला आणि त्याची तत्त्वे लेखी स्वरूपात टिकून राहिली. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगरचा किल्ला घेणारे जनरल आर्थर वेलस्ली यांनी एप्रिल १८०४ मध्ये तेथील अधिकारी कॅप्टन ग्रॅहॅम यांना पाठवलेल्या पत्रात फुकट धान्य वाटण्यास विरोध केला, कारण तसे केल्यास चहूकडचे उपाशी लोक नगरला लोटतील आणि झळ थेट फौजेपर्यंत पोहोचेल अशी त्यांना भीती होती. त्याऐवजी त्यांनी दुष्काळग्रस्तांचे दोन वर्ग केले : काम करू शकणाऱ्या स्त्री-पुरुषांना सरकारी कामावर लावून पोटापुरते द्यावे, आणि वृद्ध, मुले व आजारी यांना रुग्णालयात ठेवून सरकारी खर्चाने अन्न व औषध द्यावे. पुढे एकोणिसाव्या शतकात दुष्काळी कामे आणि अन्नछत्रे अशी जी दुहेरी पद्धत सर्वत्र रूढ झाली, तिचे बीज या आदेशात स्पष्ट दिसते. गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या मुंबई सरकारनेही शहरात लोटलेल्या भुकेल्यांसाठी धान्य आणण्याची व अन्नवाटपाची तजवीज केली. परंतु हे दोन्ही प्रयत्न जेथे इंग्रजांची फौज किंवा बंदर होते तेथेच झाले. मदत माणसांकडे गेली नाही, माणसांना मदतीकडे चालत जावे लागले. खानदेशातील रयतेपासून नगर सातमाळ्याच्या पलीकडे होते आणि मुंबई तर त्याहून कितीतरी दूर, आणि युद्ध ज्यांच्यामुळे पेटले त्या सत्तांपैकी कोणाचेही अन्नछत्र तापीच्या खोऱ्यात उघडले नाही.

खानदेशात जी मदत आली ती वर्षभराने, आणि ती जुन्या कौलाच्या वाटेनेच आली. धुळे हे याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. १८०३ च्या दुष्काळात धुळे पूर्णपणे ओस पडले. महसुली भाषेत ते बेचिराग, म्हणजे जेथे एकाही घरात दिवा लागत नाही असे, गाव ठरले. लळिंग आणि सोनगीर हे परगणे विंचूरकरांकडे होते, आणि त्यांच्या आश्रितांपैकी बाळाजी बळवंत यांनी १८०४ मध्ये धुळ्याची पुन्हा वसाहत केली. या कामाच्या मोबदल्यात विंचूरकरांनी त्यांना इनाम जमीन आणि इतर हक्क दिले, पुढे दोन्ही परगण्यांचा संपूर्ण कारभार सोपवला, आणि बाळाजी बळवंत यांनी आपले ठाणे धुळ्यातच ठेवून १८१८ पर्यंत तेथे अंमल चालवला. या व्यवहारात पुनर्वसन करणाऱ्याला इनाम, परतणाऱ्याला जमीन आणि जहागीरदाराला वसूल असा तिघांचाही लाभ जुळलेला होता, म्हणूनच तो तडीस गेला. परंतु असा हिशेब धुळ्यासारख्या नदीकाठच्या, पाटाच्या पाण्याच्या गावी जुळे. डोंगराच्या पायथ्याला असलेल्या, कमी उत्पन्नाच्या गावांसाठी बाळाजी बळवंत मिळाला नाही आणि त्यांतील अनेक गावांत झाडोरा माजला.

दुसरी लाट १८१७-१८ च्या युद्धाने आली. डिसेंबर १८१७ मधील महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये झालेल्या मंदसोरच्या तहाने होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेकडील मुलूख इंग्रजांकडे गेला. फेब्रुवारीत थाळनेर आणि मे-जूनमध्ये मालेगाव येथे किल्ले लढले, तर अमळनेरमधील अरब शिबंदी, म्हणजे पगारी शिपायांची तुकडी, नोव्हेंबर १८१८ पर्यंत टिकून होती. माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या हाताखाली खानदेशाचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्याकडे सोपवण्यात आला.  त्यांच्या हाती आलेल्या मुलखाची अवस्था समजण्यासाठी एक नोंद पुरेशी आहे : १८२२ या एका वर्षात हिंस्र श्वापदांनी ५०० माणसे आणि २०,००० गुरे मारल्याचे जिल्ह्याच्या गॅझेटियरात नमूद आहे. माणसाने सोडलेल्या शिवारात जंगल परतले होते आणि जंगलाबरोबर वाघ गावकुसापर्यंत आला होता.

ब्रिग्ज यांनी धुळ्यालाच जिल्ह्याचे मुख्य ठिकाण केले. जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळाली, दूरदूरचे कारागीर आणले गेले आणि एकंदर २७,००० रुपये खर्चून महसूल व न्याय या खात्यांच्या इमारती उभ्या राहिल्या. नव्या पेठेत वसणाऱ्या व्यापाऱ्यांना व इतरांना घरासाठी कायमची बिनभाड्याची जागा देण्यात आली, आणि पक्की घरे बांधण्यासाठी जुन्या रहिवाशांना तसेच बाहेरून येणाऱ्यांनाही सरकारातून पैसे उचल मिळाले. १८१९ मध्ये धुळ्यात ४०१ घरे आणि २,५०९ माणसे होती. भोवती बागायत असलेले, पाट आणि पांझरा नदी यांच्या बेचक्यात सामावलेले ते एक लहान गाव होते. हे सारे उपाय पाहिले असता सत्ता बदलली तरी मदतीची रीत बदलली नव्हती, हे लक्षात येते. कौल, तगाई, साऱ्यातील सूट आणि मोफत जागा ही मराठा अमलातील साधनेच नव्या सरकारने उचलली. फरक इतकाच की, आता एका मोठ्या मुलखाचा धनी एकच होता आणि एका परगण्यात दिलेली सवलत शेजारचा परगणा बुडवीत नव्हती.

या सर्व मदतीच्या बाहेर एक मोठा समाज राहिला, तो म्हणजे भिल्ल. खानदेशातील गावगाड्यात भिल्ल जागल्या म्हणून राखण करी आणि त्याबद्दल त्याला गावाकडून धान्याचा हक्क मिळे. घाट आणि वाटा सांभाळण्याबद्दल भिल्ल नाईकांचे, म्हणजे त्यांच्या टोळ्यांच्या प्रमुखांचे, स्वतंत्र हक्क होते. गाव ओस पडले की शेतकऱ्याची जमीन तरी जागेवर राहते, आणि कौल मिळाल्यावर तो तिच्यावर परत येऊ शकतो. जागल्याचा हक्क मात्र गावाबरोबरच नाहीसा होतो. १८०२ ते १८०४ या काळात उपासमारीने भिल्ल डोंगरात गेले आणि तेथून लूटमार करू लागले. पेशव्यांच्या अधिकाऱ्यांनी यावर जो उपाय केला तो मदतीचा नव्हता. सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण यांनी कोपरगाव येथे बोलणीसाठी आलेल्या भिल्लांना दग्याने पकडून त्यांतील बहुतेकांना विहिरींत टाकून मारले, आणि चाळीसगाव व धरणगाव येथेही भिल्लांची सामूहिक कत्तल झाली. दुष्काळात बळी पडलेल्यांना गुन्हेगार ठरवल्याने दुष्काळ संपला तरी बंडाळी संपली नाही. परतू पाहणारा शेतकरी पुन्हा लुटला जाई आणि कौलाने वसलेली गावे पुन्हा उठत.

इंग्रज सरकारनेही आरंभी प्रामुख्याने फौजेचाच मार्ग धरला. ब्रिग्ज यांनी काही नाईकांना तनखे बांधून देऊन घाटांची जबाबदारी त्यांच्यावर टाकली, तरी सातमाळ्यातील आणि सातपुड्यातील मोहिमा चालूच राहिल्या. १८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर असलेल्या एल्फिन्स्टन यांच्या धोरणानुसार खानदेशात तीन भिल्ल एजन्सी, म्हणजे भिल्लांच्या कारभारासाठी स्वतंत्र अधिकाऱ्यांची ठाणी, स्थापन झाल्या. त्यांपैकी दक्षिणेकडील ठाणे कन्नड येथे होते. डोंगरातून उतरणाऱ्याला मागचे गुन्हे माफ करणे, त्याला जमीन, बैल आणि बियाण्यासाठी तगाई देणे, पहिले पीक हाती येईपर्यंत पोटगी पुरवणे, गावकऱ्यांकडील जागल्याचे थकलेले हक्क पुन्हा सुरू करणे आणि नाईकांच्या तक्रारी ऐकणे ही या अधिकाऱ्यांची कामे होती. त्याच वर्षी लेफ्टनंट जेम्स औट्रम यांनी भिल्लांचीच पलटण उभी केली आणि तिचे ठाणे धरणगावला, म्हणजे काही वर्षांपूर्वी भिल्लांची कत्तल झालेल्या गावीच, ठेवले. या धोरणामागे राज्यकर्त्यांचा स्वार्थ उघड होता, कारण मोहिमांपेक्षा तगाई स्वस्त पडत होती. तरीही पहिले पीक येईपर्यंतची पोटगी हा त्यातील भाग महत्त्वाचा आहे, कारण १८०२ नंतर तेवीस वर्षांनी प्रथमच खानदेशातील शासकीय मदतीत साऱ्याशी संबंध नसलेल्या माणसाच्या पोटाचा विचार झाला.

या घटनांनंतर काही दशकांनी युरोपात युद्धग्रस्तांच्या मदतीला कायद्याचे रूप येऊ लागले. १८५९ मध्ये इटलीतील सोल्फेरिनोच्या रणभूमीवर जखमींचे हाल पाहून आंरी द्युनाँ यांनी जी चळवळ सुरू केली, तिच्यातून रेडक्रॉस आणि १८६४ चा पहिला जिनिव्हा करार निघाला. पण तो जखमी सैनिकांपुरता होता. युद्धात सापडलेल्या सामान्य नागरिकांच्या संरक्षणाचा स्वतंत्र करार होण्यास १९४९ साल उजाडावे लागले, आणि नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरण्यास स्पष्ट मनाई त्याहून नंतर, १९७७ च्या जोडकरारात झाली. पिके जाळणे, पेवे रिकामी करणे आणि धान्याची वाहतूक अडवणे यांना या करारांमुळे मनाई झाली; खानदेशात ती त्या काळी नेहमीची युद्धनीती होती.

खानदेशाच्या या पंचवीस वर्षांच्या अनुभवातून निघणारा निष्कर्ष तीन भागांत मांडता येतो. पहिला, फौज जाण्याची वाट न पाहता ती असतानाच धान्य आणि ते वाहून नेणारी जनावरे उपलब्ध झाली नाहीत, तर मागाहून दिलेली सूट जिवंत राहिलेल्यांच्याच उपयोगी पडते. दुसरा, परतणाऱ्याला अन्नाइतकीच सुरक्षिततेची आणि बैल-बियाण्याची गरज असते, आणि धुळ्याच्या दोन्ही पुनर्वसाहतींनी हे काम जुन्या देशी साधनांनी यशस्वीपणे करता येते हे दाखवून दिले. तिसरा, आणि सर्वांत महत्त्वाचा, मदतीची यादी करताना जो वर्ग वगळला जातो, तो पुढच्या अशांततेचे कारण ठरतो आणि तिची किंमत यादीत असलेल्यांनाही मोजावी लागते. १८१९ मध्ये २,५०९ वस्तीचे असलेले धुळे १८७२ मध्ये १२,४८९ वस्तीचे शहर झाले होते. सुलतानपूर मात्र पुन्हा पूर्वीसारखे वसले नाही. पुन्हा वसवले गेलेले गाव आणि न वसलेले गाव यांच्यातील अंतर एवढे मोठे होते.